डेस्कटॉपची रॅम वाढवताना: कोणते मॉड्यूल, किती आणि का

संगणक संथ झाला की पहिला सल्ला मिळतो तो "रॅम वाढवा" असा. सल्ला अनेकदा बरोबर असतो, पण अपुरा असतो, कारण कोणती रॅम, किती, कोणत्या स्लॉटमध्ये आणि बसवल्यानंतर काय तपासायचे, यातले काहीच त्यात येत नाही. रॅमच्या बाबतीत बहुतेक निर्णय मदरबोर्डने आणि प्रोसेसरने आधीच घेऊन ठेवलेले असतात. आपल्या हाती उरतात त्या क्षमता, मॉड्यूलची (म्हणजे रॅमच्या पट्ट्यांची) संख्या आणि वेग एवढ्याच गोष्टी, आणि त्या याच क्रमाने ठरवाव्यात असे माझे ठाम मत आहे. वेगाच्या आकड्यापासून सुरुवात करणारा माणूस हमखास जास्त पैसे घालवतो आणि पुष्कळदा चुकीचे मॉड्यूल घरी आणतो.

आधी गरज मोजावी

संथपणाचे कारण रॅमच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. रोजचे काम जसे चालते तसे सगळे प्रोग्रॅम उघडावेत, ब्राउझरमध्ये नेहमीइतके टॅब ठेवावेत आणि मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' या भागातील 'मेमरी' पाहावी. तेथे 'इन यूज' हा आकडा एकूण रॅमच्या अगदी जवळ पोहोचला असेल आणि 'कमिटेड' हा आकडा प्रत्यक्ष बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर रॅममध्ये न मावणारा डेटा डिस्कवरील पेज फाइलमध्ये ठेवावा लागत आहे, असे समजायला हरकत नाही. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना सगळे क्षणभर थबकते आणि त्याच वेळी डिस्कचा वापर एकदम वर जातो, हे त्याचेच लक्षण. 'कॅश्ड' म्हणून दाखवलेली रॅम मात्र वाया गेलेली नसते. गरज पडताच ती मोकळी होते, त्यामुळे तो आकडा पाहून घाबरू नये.

संगणकात अजूनही जुनी, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावरच असेल, तर आधी एसएसडी घ्यावी आणि रॅमचा विचार नंतर करावा. रॅम दुप्पट करूनही अशा संगणकाचे सुरू होणे आणि प्रोग्रॅम उघडणे फारसे सुधारत नाही.

किती रॅम घ्यावी याचे ढोबळ उत्तर असे. विंडोज ११ साठी किमान अट ४ जीबी आहे, पण तेवढ्यात संगणक फक्त सुरू होतो, काम होत नाही. दस्तऐवज, ईमेल आणि मोजके टॅब एवढ्यासाठी ८ जीबी जेमतेम पुरते. १६ जीबीमध्ये सामान्य वापर निवांत होतो. मोठे फोटो, आधुनिक खेळ किंवा प्रोग्रॅमिंगची अवजड साधने असतील तर ३२ जीबीचा विचार करावा, आणि व्हिडिओ संपादन किंवा एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवणे हे रोजचे काम असेल तरच त्यापुढे जावे. एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्यावी: घरगुती वापराचे ३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही. तेथे आधी ६४-बिट विंडोज बसवावे लागते.

बोर्ड काय स्वीकारतो

रॅमच्या पिढ्या (डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५) एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ मॉड्यूलला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८ असतात, पण पिनांची संख्या सारखी असली तरी खालच्या कडेवरील खाच वेगळ्या जागी असते, विद्युतदाब वेगळा असतो आणि संदेशांची रचनाही वेगळी असते. डीडीआर३ चा नेहमीचा दाब १.५ व्होल्ट, डीडीआर४ चा १.२ आणि डीडीआर५ चा १.१ व्होल्ट. डीडीआर५ मध्ये तर दाब नियंत्रित करणारी चिप मदरबोर्डवरून उचलून थेट मॉड्यूलवरच आणलेली आहे. खाच जुळत नसेल तर मॉड्यूल उलटे धरले आहे किंवा पिढी चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. जोर लावण्याचा प्रश्नच येत नाही.

पिढी प्रोसेसरवरून ओळखता येते. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या कोअर प्रोसेसरांना डीडीआर३ लागते. सहाव्यापासून अकराव्या पिढीपर्यंत डीडीआर४ आहे, फक्त सहाव्या-सातव्या पिढीच्या काही बोर्डांवर कमी दाबाची डीडीआर३एल दिसते. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी ही खरी गोंधळाची जागा आहे, कारण हे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण बोर्डावर बहुधा एकाच प्रकारचे स्लॉट असतात. त्यामुळे "माझा प्रोसेसर बाराव्या पिढीचा आहे" एवढ्या माहितीवर रॅम मागवू नये. बोर्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा. एएमडीच्या बाजूला गोष्ट सरळ आहे: एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ सॉकेट म्हणजे डीडीआर५.

बोर्डाचा मॉडेल क्रमांक बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. डबा उघडायचा नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम तो दाखवतो आणि लिनक्सवर डीएमआयडीकोड या आज्ञेने तीच माहिती मिळते. तो क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रक वाचावे आणि त्यातून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: स्लॉट किती, एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती जीबी आणि एकूण कमाल किती. उदाहरणार्थ, इंटेलच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबीवर थांबतात. तेथे १६ जीबीचे एकच मॉड्यूल घेऊन जाणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. नव्या बोर्डांवर मर्यादा पुष्कळ वर असतात, पण २०२३ पासून मिळू लागलेले २४ आणि ४८ जीबीचे डीडीआर५ मॉड्यूल त्याआधीच्या बोर्डावर चालवायचे असतील तर बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करावे लागू शकते. निर्माते तपासून पाहिलेल्या मॉड्यूलांची यादीही देतात. आपले मॉड्यूल त्या यादीत नसले म्हणजे ते चालणार नाही असे नाही, परंतु यादीतले घेतले तर एक काळजी कमी होते.

वापरलेली रॅम स्वस्तात मिळत असेल तेव्हा आणखी एक सावधगिरी हवी. डेस्कटॉपला लागते ती यूडीआयएमएम प्रकारची. लॅपटॉपची एसओ-डीआयएमएम आखूड असल्याने डोळ्यांनाच कळते, पण सर्व्हरमधून निघालेली डीडीआर४ आरडीआयएमएम हुबेहूब डेस्कटॉपच्या रॅमसारखी दिसते, स्लॉटमध्ये नीट बसतेही, आणि तरीही साध्या डेस्कटॉपमध्ये संगणक सुरू होत नाही. मोठ्या क्षमतेचे मॉड्यूल आश्चर्यकारक किमतीला दिसले की आधी हीच शंका घ्यावी.

लेबल वाचणे

मॉड्यूलवरच्या कागदी लेबलवर या साऱ्या प्रश्नांची उत्तरे असतात, फक्त ती वाचता यायला हवीत. समजा एका मॉड्यूलवर असे लिहिले आहे: ८जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-यूए२-११. पहिला भाग क्षमता सांगतो. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '३२००' हा वेग. त्यामागची 'एए' ही अक्षरे त्या वेगाचा वेळेचा दर्जा सांगतात. ३२००एए म्हणजे सीएल२२ (सीएल म्हणजे काय ते पुढे येईल). त्यानंतरचे 'यू' हे अक्षर यूडीआयएमएमचे आहे. याच जागी 'आर' असेल तर ते सर्व्हरचे मॉड्यूल, 'एस' असेल तर लॅपटॉपचे. शेवटचे आकडे मॉड्यूलच्या सर्किट आराखड्याची आणि त्यातील माहितीच्या चिपची आवृत्ती दाखवतात, त्यांची आपल्याला गरज नसते.

मधला '१आर×८' हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. प्रोसेसर मॉड्यूलकडून एका वेळी ६४ बिट घेतो. '×८' म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणून ६४ बिट भरायला ८ चिपा लागतात. अशा ६४ बिटांच्या संचाला रँक म्हणतात आणि '१आर' म्हणजे असा एकच संच. '२आर×८' असेल तर १६ चिपा, दोन संच. '१आर×१६' असेल तर प्रत्येक चिप १६ बिट देते, म्हणून चारच चिपा पुरतात आणि मॉड्यूल बनवायला स्वस्त पडते. पण डीडीआर४ मध्ये ×१६ चिपेत बँकांचे (चिपेच्या आतील साठवणुकीच्या विभागांचे) गट ×८ च्या निम्मे असतात, आणि हे गट आलटून-पालटून वापरूनच रॅम आपला वेग टिकवत असते. त्यामुळे लेबलवर वेग आणि सीएल तंतोतंत सारखे असूनही चार चिपांचे मॉड्यूल प्रत्यक्ष कामात थोडे मागे पडते.

डीडीआर५ मध्ये ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. तेथे मॉड्यूलच्या आत ३२-३२ बिटांचे दोन उपमार्ग असतात आणि नेहमीच्या चिपा १६ गिगाबिटच्या असतात. एका चिपेत २ जीबी मावते, म्हणजे ८ जीबीच्या मॉड्यूलला चारच चिपा लागतात. म्हणून ८ जीबीचे डीडीआर५ मॉड्यूल सर्वसाधारणपणे ×१६ प्रकारचेच असते. डीडीआर५ घेणार असाल तर ८ च्या दोन मॉड्यूलऐवजी १६ ची दोन घेणे मला म्हणूनच योग्य वाटते: क्षमता दुप्पट होतेच, शिवाय मॉड्यूलही चांगल्या रचनेचे मिळते.

वेगाचे आकडे

डीडीआर या नावातला 'डबल' घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवण्याबद्दल आहे. ३२०० लिहिलेल्या मॉड्यूलचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झने चालते आणि त्यावर सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरे होतात. म्हणूनच सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये. प्रत्येक हस्तांतरात ८ बाइट जातात, म्हणून ३२०० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. काही लेबलांवर दिसणारे 'पीसी४-२५६००' ते हेच. दोन दुकानांत एकच मॉड्यूल एकदा ३२०० म्हणून आणि एकदा २५६०० म्हणून विकले जाते, तेव्हा वस्तू वेगळी नसते.

वेगाइतकाच महत्त्वाचा आकडा सीएल. मागणी केल्यापासून पहिला डेटा येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात हे तो सांगतो. ठोके छोटे असतील तर जास्त ठोकेही कमी वेळात होतात, म्हणून नुसत्या सीएलची तुलना निरर्थक आहे. ती नॅनोसेकंदांत करावी. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की झाले. ३२०० सीएल२२ चे उत्तर येते १३.७५ नॅनोसेकंद. ३२०० सीएल१६ चे १०. डीडीआर५ चे ६००० सीएल३० घेतले तरी १० च. आणि डीडीआर५ चे ४८०० सीएल४० घेतले तर १६.६७, म्हणजे चांगल्या डीडीआर४ पेक्षा जास्त वाट पाहणे. नव्या पिढीने एका वेळी जाणारा डेटा भरपूर वाढवला, पहिल्या उत्तराची वाट मात्र फारशी कमी केली नाही, हे या गणितातून स्वच्छ दिसते. केवळ डीडीआर५ हवी म्हणून चालू स्थितीतला डीडीआर४ बोर्ड बदलण्याच्या विचारात असणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेकडेही पाहावे. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडी दोन मॉड्यूलसह ५२०० हा वेग सांगते आणि चार मॉड्यूलसह तो ३६०० वर येतो. त्याहून अधिक वेगाची मॉड्यूल चालतात, पण ते ओव्हरक्लॉकिंग ठरते आणि प्रत्येक संगणकावर स्थिर राहील याची खात्री कोणी देत नाही. बोर्ड किंवा प्रोसेसर जुना असेल तर वेगवान मॉड्यूल त्याच्या मर्यादेनुसार हळू चालते. त्याने काही बिघडत नाही, फक्त जास्तीच्या वेगासाठी दिलेले पैसे वाया जातात.

एक, दोन की चार

बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना रॅमकडे जाणारे दोन मार्ग असतात. एकच मॉड्यूल लावले तर एक मार्ग रिकामा राहतो. म्हणून १६ जीबीचे एक मॉड्यूल घेण्यापेक्षा ८ जीबीची दोन घेणे डीडीआर४ वर जवळजवळ नेहमीच चांगले. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे आणखी कसोशीने पाळावे, कारण प्रोसेसरमधील ग्राफिक्स हीच रॅम वापरते आणि एका मार्गावर ती अक्षरशः उपाशी राहते.

जुन्या मॉड्यूलशेजारी नवे लावता येते का, हा नेहमीचा प्रश्न आहे. पिढी तीच असेल तर बहुधा येते. सगळी मॉड्यूल सर्वांत संथ असणाऱ्याच्या वेगाने चालतात. ८ जीबीशेजारी १६ जीबी लावले तर अनेक बोर्ड पहिल्या ८-८ चा दुहेरी मार्ग करतात आणि उरलेले ८ एकेरी मार्गाने वापरतात, त्यामुळे असमान जोडीही अगदी टाकाऊ नसते. तरीही दोन वेगवेगळ्या खरेदींतील मॉड्यूल एकमेकांशी जुळतीलच असे कोणी सांगू शकत नाही, आणि डीडीआर५ वर चार मॉड्यूलचा वेग कसा कोसळतो हे वर आलेच आहे. माझा सल्ला असा की डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या साध्या संगणकावर जुन्याला जोड द्यावी, डीडीआर५ वर मात्र जुनी जोडी काढून मोठ्या क्षमतेची नवी जोडी एकाच पाकिटातली घ्यावी.

बसवणे आणि तपासणे

संगणक बंद करून तार काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. डब्याच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी, मॉड्यूल कडांना धरावे आणि सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. उंच धातूचे आवरण असलेले मॉड्यूल प्रोसेसरच्या मोठ्या पंख्याखाली मावते का, हे खरेदीपूर्वीच मोजलेले बरे. चार स्लॉट असतील आणि मॉड्यूल दोनच असतील, तर ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची असतात. बोर्डावर ते ए२ आणि बी२ म्हणून छापलेले असतात. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाब द्यावा. टोकाची चाप 'टक्' असा आवाज करून स्वतःहून बंद झाली म्हणजे मॉड्यूल पूर्ण बसले. काही बोर्डांवर चाप एकाच बाजूला असते, तेथे दुसरे टोक अर्धवट राहून जाते, म्हणून ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळात बोर्ड नव्या मॉड्यूलशी वेळांचा मेळ घालत असतो. घाबरून बटण दाबू नये, थांबावे.

त्यानंतरची पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. जाहिरातीतला वेग मॉड्यूलमध्ये एका स्वतंत्र नोंदीत साठवलेला असतो. इंटेलच्या जगात तिला एक्सएमपी म्हणतात आणि एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी आणलेल्या नोंदीला एक्सपो. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली नाही तर मॉड्यूल आपल्या मूळ, हळू वेगाने चालत राहते. मी ३२०० ची जोडी बसवून कित्येक महिने समाधानाने वापरली, आणि एकदा सहज टास्क मॅनेजर पाहिला तर तेथे २१३३ लिहिलेले होते. तेव्हापासून बायोसमधून बाहेर आल्यावर तो आकडा पाहिल्याशिवाय मी डब्याचे झाकण लावत नाही. याच पानावर किती स्लॉट भरले आहेत तेही दिसते, म्हणजे एखादे मॉड्यूल ओळखले गेले नसेल तर लगेच कळते.

शेवटी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चालू ठेवावा. सदोष रॅम क्वचितच सरळ बंद पडते. ती कधी फाइल खराब करते, कधी आठवड्यातून एकदा विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दाखवते, आणि दोष भलत्याच कशावर तरी जातो. चाचणीत एकही चूक आली तर ती चालवून घेऊ नये. आधी एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून पुन्हा चाचणी घ्यावी. तेव्हा चूक गेली तर मॉड्यूल बहुधा ठीक आहे, फक्त त्या वेगाला प्रोसेसर किंवा बोर्ड पुरा पडत नाही. वेग एक पायरी खाली आणून पाहावे. चूक तशीच राहिली तर एकेक मॉड्यूल, एकाच स्लॉटमध्ये, वेगवेगळे तपासावे. दोषी मॉड्यूल सापडले आणि ते जोडीतले असेल, तर बदलून घेताना पूर्ण जोडीच परत द्यावी, आणि त्यासाठी पाकीट आणि पावती चाचणी संपेपर्यंत जपून ठेवावी.